पंचेचाळीस अंशांवर

गुलझमीनने सकाळी आणून दिलं
अल ऐनच्या कत्तलखान्यातून उंटाचं काळीज,
बर्फात, दोन पिशव्यांत.
काळीज म्हणजे इथे यकृतच.
मराठीत आपण त्याच्या माथी नको ते सगळं मारतो.

दुपारपर्यंत ते वाटलं, गाळलं, गरगर फिरवलं.
नळीच्या तळाशी उरली पेशींची पटलं,
निवळीखाली बसतो तसा साका.

त्या पटलांत रुतून बसलंय एक विकर.
बाहेरचा निरोप आत पोचला
की ते रेणू वळायला घेतं,
टोकाला टोक चिकटवून,
कडबोळी वळावीत तसे, एकामागून एक.

उष्णता मात्र त्याला सोसत नाही.
पाण्याची टाकी पंचेचाळीसवर लावली.
दोन मिनिटं, चार, आठ, सोळा.
घंटी वाजली की एक नळी उचलायची, बर्फात खुपसायची.
आठव्या मिनिटाला निम्मं काम थांबलेलं.
सोळाव्याला विकर असतं तिथेच, पटलात, अख्खं,
फक्त घडी मोडलेली,
इस्त्रीचा सदरा अंगाखाली घेऊन कुणी झोपावं तशी.

खिडकीबाहेर अठ्ठेचाळीस.
साडेबारा ते तीन काम बंद, कायद्याने.
परांचीवरून उतरलेली माणसं ट्रेलरच्या सावलीत,
सावली सरकेल तशी सरकत.

दुसऱ्या रांगेतल्या नळ्यांत मी निरोप्या घातला.
जागा केलेला निरोप्या,
ज्याला परतीचा रस्ता विसरायला लावलंय.
तो येतो, विकराला टेकतो,
सांगायचं ते सांगून होतं, तरी टेकूनच राहतो.
आणि त्याच पंचेचाळीस अंशांवर
सोळाव्या मिनिटालाही कडबोळी वळली जातात.

डॉ. मुआविया म्हणाले, यात हळवं होण्यासारखं काही नाही.
दोन पृष्ठभाग जुळले
की हलायला जागा कमी उरते, बस.
खरं आहे.
वहीत मी तेवढंच लिहिलं.

फोन पालथा होता, बर्फाच्या डब्याजवळ.
मिरजेहून भावाचा आवाज,
दोन मिनिटं चाळीस सेकंद,
पहाटेपासून न ऐकलेला.
तिकीट काढू का, एवढंच मी विचारलं होतं.

तिसरी रांग: नाही म्हणणारा निरोप्या.
त्याचं कामच ते, विकराला सांगायचं, थांब.
मौझाने विचारलं, मग त्याला कशाला घालायचं?
तो तर आधीच हात धरणार.
म्हटलं, बघू तरी.

काम मंदावलंच.
पण सोळाव्या मिनिटाला जेवढं मंद
तेवढंच पहिल्या मिनिटाला होतं.
मौझाने दोनदा मोजलं. मी तिसऱ्यांदा.

(पुढच्या सोमवारी पुन्हा केलं तेव्हा तसं आलं नाही.
उंट वेगळा की माझा हात वेगळा, ठाऊक नाही.
दोन्ही आकडे वहीत आहेत, एकही न खोडता.)

तीनला भोंगा झाला.
सावलीतली रांग उठली, एक जण तेवढा बसून.
शेजारच्याने बाटलीतलं उरलेलं पाणी
त्याच्या मानेवर ओतलं,
त्याचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं
आणि स्वतःचं शोधू लागला.

हातमोजे काढून मी फोन सरळ केला.
"येऊ नकोस," भाऊ म्हणत होता.
मागे कुकरची शिट्टी,
आई कुणाला तरी विचारत होती, तिला कळवलंत का.
"आत्ता येऊ नकोस. डॉक्टर थांबा म्हणालेत.
मी आहे इथे."

मग सव्वा मिनिट काहीच नाही.
बंद करायचं राहून गेलं असणार.
पंख्याची घरघर, एक भांडं, पुन्हा पंखा.

तेही मी शेवटपर्यंत ऐकलं.